पावा थांबला की घर थांबायचं

सुभद्रा गेली तो ऑगस्टमधला बुधवार होता, वर्ष २००७. वेळ सकाळी सव्वादहाच्या सुमाराची. ठिकाण हट्टा, तालुका वसमत, जिल्हा हिंगोली. वय एकोणपन्नास. ती माझी मोठी बहीण, अक्का. तिच्या मुलाचा, बालाजीचा फोन आला तेव्हा मी नांदेडला आमच्या दैनिकाच्या कचेरीत तालुक्यांहून आलेल्या बातम्या लावत होतो. "मामा, तुमी निघा," तो म्हणाला. "काहून?" मी विचारलं. "निघा तुमी." पुढे त्याने काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. हा फोन कधीतरी येणार हे आम्हा तिघांना नऊ वर्षांपासून माहीत होतं. मला, बालाजीला आणि त्याच्या वडिलांना, म्हणजे मारोती दाजींना. अक्काला त्यातलं काही सांगायचं नाही, असं ठरलेलं होतं.

ते ठरलं १९९८ च्या फेब्रुवारीत. हळद शिजवायचे दिवस होते. शेतात लोखंडी कढई चढवलेली, खाली जाळ, वर वाफ, आणि अक्का टोपलीने हळद आत टाकता टाकता खाली बसली. बसली म्हणजे पडलीच. शुद्धीवर यायला चार-पाच मिनिटं लागली असं दाजी सांगतात. दुसऱ्या दिवशी ते तिला घेऊन नांदेडला माझ्याकडे आले. डॉक्टरांनी तपासताना तिला विचारलं, लहानपणी कधी सांधे सुजले होते का. "अकराव्या वर्षी," तिने लगेच सांगितलं, "दोनी गुडघे. तीन महिने घरात होते." मग तिला बाहेर बसवलं आणि आम्हाला आत बोलावलं. त्या सांधेसुजीत हृदयाची एक झडप दुखावली होती आणि ती वर्षानुवर्षं आकसत गेली होती. बोटभर वाट हवी तिथे आता पेन्सिलीच्या टोकाएवढी उरली आहे, असं डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. शस्त्रक्रिया करता येईल, त्यासाठी हैदराबादला न्यावं लागेल, पण उशीर झालेला आहे, धोका आहे. नाही केली तर किती वर्षं? ते सांगता येणार नाही. दोन, पाच... कदाचित जास्त. "तुम्ही घरचे ठरवा," असं म्हणून ते पुढच्या पेशंटकडे वळले.

दवाखान्याच्या मागच्या बाजूला एक सिमेंटचं बाक होतं. तिथे आम्ही दोघं बसलो. दाजी बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. "नामदेव, टेबलावरच गेली तर?" ते म्हणाले. "घरी हाय तवर हाय. तिथं नेऊन मी तिला माझ्या हातानं घालवू काय?" मी सांगितलं की धोका दोन्हीकडे आहे. "मग घरचाच धोका बरा," ते म्हणाले. मी हो म्हटलं. पुढचं त्यांनीच सांगितलं, "तिला न्हाई सांगायचं. ऐकून घाबरली तर त्यानंच जायची." यालाही मी हो म्हटलं. बालाजीला मात्र सांगायचं ठरलं. हे सगळं दहा-बारा मिनिटांत झालं. जिच्या हृदयाबद्दल हे चाललं होतं ती पन्नास पावलांवर बसून शेजारच्या बाईच्या लेकराला खेळवत होती. बाहेर येऊन दाजींनी तिला सांगितलं, "रक्त कमी हाय तुझ्यात. एकवीस दिवसाला ताकदीची सुई घ्यायची." ती "बरं" म्हणाली. एवढंच.

डॉक्टरांनी पाळायच्या गोष्टी लिहून दिल्या होत्या. ओझं उचलायचं नाही, धावायचं नाही, चढण चढायची नाही. खाली निराळ्या शाईत लिहिलं होतं, की एकदम घाबरणं, दचकणं, जोराचा उत्साह टाळावा. पहिल्या तीन गोष्टी पाळायला घरात माणसं होती. चौथीचं काय करायचं हे कुणालाच कळेना. आमचे वडील मेंढरं वळायचे. जवळा बाजारच्या अलीकडच्या माळावर आमची चाळीस-पन्नास मेंढरं होती आणि लग्न होईपर्यंत, म्हणजे सोळाव्या वर्षापर्यंत, अक्का त्यांच्यामागे फिरलेली. मला शाळेत घातलं, तिला मेंढरांमागे. झाडावर चढणं, विहिरीत उडी मारणं, बिथरलेल्या मेंढ्याची शिंगं धरून त्याला बसवणं ही तिची रोजची कामं होती. लग्नानंतर तेवीस-चोवीस वर्षं ती हट्ट्याच्या शेतकरी घरात निमूट नांदली. आम्हाला आजार कळला आणि त्याच सुमारास, का कोण जाणे, तिला पुन्हा त्या गोष्टी करून बघाव्याशा वाटू लागल्या.

दर रविवारी मी हट्ट्याला फोन करायचो. तेव्हा फोन शेजारच्या किराणा दुकानात होता. अक्का जवळपास असेल तर दाजींना बोलता यायचं नाही, म्हणून आमचं ठरलं होतं. मी विचारायचं, "हळद कशी हाय?" ते म्हणायचे, "हळद बरी हाय," किंवा, "जरा दमट हाय." जुलै महिन्यात, शेतात हळदीला जेमतेम कोंब फुटलेले असताना, मी हळद विचारायचो आणि दाजी ती दमट असल्याचं सांगायचे. दुकानदाराला आम्ही दोघंही खुळे वाटत असू. एकदा अक्कानेच फोन हातात घेतला. "काय रे नामा, तुला हळदीची लई काळजी. पेपरात भाव छापायचा हाय काय?" मी काहीतरी उत्तर दिलं. "छाप," ती म्हणाली, "लिही, हट्ट्याची हळद अजून चालून राहिली."

१९९९ ची महाशिवरात्र. औंढ्याची यात्रा. दर्शन झालं, प्रसाद घेतला, आणि परतताना ती आकाशपाळण्यापाशी थांबली. "मला त्यात बसायचं हाय." दाजी म्हणाले, "चक्कर येईल." "तुमाला येती. मला न्हाई येत." "वयाचं काही भान?" "एक्केचाळीस म्हंजे काय म्हातारी झाले काय?" आमची अडचण अशी होती की नको म्हणायला कारण द्यावं लागतं, आणि खरं कारण आम्ही झाकून ठेवलेलं. अर्धवट कारणं तिच्यापुढे टिकत नसत. शेवटी बालाजी तिच्याबरोबर बसला. चप्पल खाली पडेल म्हणून तिने काढून दाजींच्या हातात दिली. दाजी पाळणेवाल्याकडे गेले आणि हळू फिरव म्हणाले. तो म्हणाला, "चाचा, धीमा घुमाऊं तो पब्लिक गाली देती." पाळण्याने अकरा फेऱ्या घेतल्या. मी मोजल्या. दर फेरीला तिची हिरवी साडी वर जाऊन दिसेनाशी व्हायची आणि पुन्हा खाली यायची. दाजी एका हातात एक, दुसऱ्या हातात एक, अशा चपला धरून मान वर करून उभे होते आणि ती खाली आली की दर वेळी तिच्या तोंडाकडे बघत होते. उतरली तेव्हा तिचे ओठ जांभळे होते. रसवंतीच्या सावलीत ती पंधरा मिनिटं बसून राहिली. बोलता आलं तेव्हा म्हणाली, "वर गेलं की देवळाचा कळस आपल्या बराबरीला येतो. मी हात जोडाया गेले, तर खाली गेला." मग दाजींकडे बघून, "चपला तरी खाली ठेवा आता. लोकं बघून राहिली."

त्या दिवसापासून बालाजीला एक काम लागलं. आई कुठेही निघाली की दहा पावलं मागे राहायचं. तिने दोन-तीन वेळा मागे वळून विचारलं, "पोलीस हाईस काय रे माझ्यावर?" तो म्हणायचा, "तिकडंच चाललो माय." रानात, देवळात, बाजारात, सगळीकडे तो तिकडंच चाललेला असायचा. लग्न ठरवायला आलेल्या पाहुण्यांनी या मुलाला काही कामधंदा आहे की नाही, असं विचारल्याचं दाजींनी मला सांगितलं होतं.

मे २००१ मध्ये मी दोन दिवस हट्ट्याला होतो. दुपारी एकच्या सुमारास ती मला शेतातली विहीर दाखवायला घेऊन गेली. दाजी वसमतला गेलेले, बालाजी जेवत होता. विहिरीला तेव्हा दोन पुरुष पाणी होतं. मी काठावर बसून चप्पल काढत होतो तेवढ्यात तिने पदर खोचला, कासोटा घट्ट केला आणि उडी मारली. मी तिच्या नावाने ओरडलो असेन. नक्की आठवत नाही. मोजायला लागलो हे आठवतं. पाण्यावर फेस आला, तो पसरला, नाहीसा झाला. एकोणीसला तिचं डोकं समोरच्या कोपऱ्यात वर आलं. दगडाची कपार धरून ती बराच वेळ नुसती श्वास घेत राहिली. तो आवाज मला काठावर ऐकू येत होता. मग म्हणाली, "मोजत होतास ना? किती झाले?" "एकोणीस." "लहानपणी चाळीस व्हायचे," ती म्हणाली. मला पोहता येत नव्हतं. दोराला धरून ती वर आली, साडी पिळली आणि उन्हात उभी राहिली. "यांना सांगू नको. त्यांना आधीच झोप न्हाई," ती म्हणाली. मी सांगितलं नाही. दाजींचं एक गुपित मी तिच्यापासून ठेवलं होतं, आता तिचं एक दाजींपासून ठेवलं.

पावा आला तो त्याच्या पुढच्या वर्षी. सोयाबीन निघाल्यावर रान मोकळं झालं की आमच्याकडे मेंढरं बसवायची पद्धत आहे. धनगराचा कळप दोन-चार दिवस शेतात मुक्कामाला ठेवायचा, त्यांच्या लेंड्यांचं खत होतं, बदल्यात धनगराला धान्य द्यायचं. दाजींच्या शेतात तसा एक कळप उतरला होता. सकाळी आठच्या सुमारास अक्का त्यांच्यासाठी भाकरी घेऊन गेली, तेव्हा त्यांच्यातला एक म्हातारा पावा वाजवत बसला होता. वेळूचा, सहा भोकांचा साधा पावा. तिने तो मागितला. म्हाताऱ्याला वाटलं नातवंडासाठी बघते आहे. तिने तो ओठाला लावला आणि मेंढरांना पाण्यावर आणायचा सूर काढला. आमच्या वडिलांचा सूर. प्रत्येक मेंढक्याचा तो आपापला असतो आणि कळप आपल्या मालकाचाच सूर ओळखतो. पोरीच्या जातीने पावा वाजवलेला आमच्या आईला चालत नसे, त्यामुळे वडिलांनी तो तिला माळावर, आईला ऐकू जाणार नाही एवढ्या अंतरावर शिकवला होता. मला तो कधीच येत नव्हता. अठ्ठावीस वर्षांनी तिने तो वाजवला आणि बरोबर निम्म्यावर तिची बोटं थांबली. पुढचं आठवेना. तिने पाच-सहा वेळा करून पाहिलं, दर वेळी त्याच जागी थांबली. निघताना म्हाताऱ्याने तो पावा तिलाच दिला.

मग रोज दुपारी, भांडी झाली की, ती ओसरीच्या खांबाला टेकून बसायची आणि वाजवायची. मी नांदेडच्या डॉक्टरांना भेटून विचारलं, फुंकून वाजवलेलं चालतं का? ते म्हणाले, "कोणती बासरी? किती वेळ?" मी सांगितलं, अर्धा तास. त्यांनी खांदे उडवले. "असा पेशंट मी पाहिला नाही. दम लागला तर थांबवा." दम लागला हे कसं ओळखायचं, हाच प्रश्न होता. सूर निम्म्यावर तुटायचा. तो आठवत नाही म्हणून तुटला की श्वास संपला म्हणून, हे आतल्या घरातून किंवा गोठ्यातून कळायला मार्ग नव्हता. पावा थांबला की सगळं घर थांबायचं. दाजींचा वैरण कापायचा हात थांबायचा. बालाजीचं तोवर लग्न झालं होतं, त्याच्या बायकोलाही सांगितलेलं होतं, ती पीठ मळता मळता थांबायची. कधी तीन, कधी सात, कधी दहा मोजेपर्यंत. मग पुन्हा पहिल्यापासून सूर सुरू व्हायचा आणि विळा चालायचा. मी हे फोनवरही ऐकलं आहे. तोवर फोन घरात आला होता. दाजी बोलता बोलता मधेच गप्प व्हायचे, मीही गप्प व्हायचो, आणि नांदेड ते हट्टा आम्ही दोघं ती शांतता ऐकत राहायचो. सव्वातीन वर्षं हे चाललं. एकदा मी तिला म्हणालो, दुसरं काहीतरी वाजव, पूर्ण येतं असं. ती म्हणाली, "पूर्ण येतं ते कशाला वाजवू?"

२००६ च्या जानेवारीत तिला कुणीतरी सांगितलं की आमच्या वडिलांबरोबर मेंढरं वळणारा बिरा आबा अजून जिवंत आहे, जवळ्याच्या पलीकडे एका वाडीवर असतो. ती म्हणाली, जायचं. जवळा बाजारपर्यंत एसटी होती, पुढे चार किलोमीटर पायवाट आणि मधे एक चढ. मी बरोबर गेलो. मनगटाची नाडी कशी बघायची ते मी शिकून घेतलं होतं, आणि हात धरायचा म्हणून धरतो आहे असं दाखवून मोजत होतो. चढावर ती चार वेळा बसली. चौथ्या वेळी तिचं बोलणं बंद झालं होतं. मी म्हणालो, परत फिरू. तिने हातानेच पुढे दाखवलं. त्या दगडावर आम्ही वीस मिनिटं बसलो. जवळपास कुठे गाडी, दवाखाना, फोन नव्हता. दाजींना मी काय सांगणार आहे, याची वाक्यं मी मनात तयार केली होती. दोन वाक्यं झाली होती, तेवढ्यात ती उठली.

बिरा आबा उन्हाला बसला होता. तोंडात दात नव्हते, नजर अधू. तिने नाव सांगितलं. "संभ्याची पोरगी?" तो म्हणाला. "तुझा बाप पावा वाजवता वाजवता झोपायचा. मेंढरं आपली आपण पाण्यावर जायची अन् हा उठून म्हणायचा, बघ माझा सूर!" अक्का खूप हसली. मला त्या हसण्याचीही धास्ती वाटली. तिने निम्मा सूर वाजवून दाखवला. आबा ऐकत राहिला आणि ती थांबली तिथे म्हणाला, "मग? पुढं काहून न्हाई गेलीस?" "पुढचं इसरले आबा." दातांविना त्याला पावा फुंकता येईना. त्याने तोंडानेच पुढचा सूर म्हटला, ओठ मिटून, नाकातून. तिसऱ्यांदा म्हटल्यावर तो तिच्या बोटांत आला. पूर्ण सूर दीड मिनिटाचाही नव्हता. दुसरा अर्धा पहिल्यासारखाच, फक्त शेवटी एक लांब स्वर, मेंढरं पाण्याला लागली की वाजवायचा. तो लांब स्वर तिने काढला तेव्हा तिच्या गळ्याच्या शिरा फुगलेल्या मी पाहिल्या. आबा म्हणाला, "संभ्या ह्याच्याहून लांब खेचायचा." ती म्हणाली, "झोपेत असंल." मग आणखी एकदा वाजवून ती उठली. येताना ती एकदाही बसली नाही. उतार होता.

नंतर काही दिवसांनी मी हट्ट्याला गेलो तेव्हा दाजी गोठ्यात होते. ओसरीवरून पूर्ण सूर ऐकू येत होता, शेवटच्या लांब स्वरासकट. मी म्हणालो, "मिळाला एकदाचा." दाजी म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. "आधी बरं होतं नामदेव," ते म्हणाले. "थांबली की वाटायचं, इसरली असंल. आता थांबली तर काय समजू?"

वर्षभर ती थांबली नाही. २००७ च्या उन्हाळ्यात सूर तुटू लागला. आधी लांब स्वराच्या जागी, मग त्याच्या अलीकडे. बालाजीने मला फोनवर सांगितलं, "मामा, जागा सरकून राहिली." जूनमध्ये मी शेवटचा तिला भेटलो, तेव्हा दीड मिनिटाच्या सुरात ती तीनदा थांबली. तिचे पाय सुजलेले होते. मी म्हणालो, नांदेडला चल, दाखवू. "रक्त कमी असंल," ती म्हणाली, "सुई घेते." त्या क्षणी मी तिला सांगायला हवं होतं असं मला वाटलं. दाजी दारात उभे होते. त्यांनी नको म्हणून मान हलवली. मी सांगितलं नाही. एसटीत बसल्यावर मी हिशेब केला, की तिला विचारलं असतं तर ती हैदराबादला गेली असती का. नऊ वर्षांत हा हिशेब मी किती वेळा केला याची नोंद नाही. उत्तर एकच यायचं, आकाशपाळण्यात बसणारी, विहिरीत उडी घेणारी बाई टेबलावरही गेली असती. तिच्या वतीने भ्यायला आम्ही होतो.

गावात आता सांगतात की सुभद्राबाई पावा वाजवता वाजवता गेली. ते खरं नाही. त्या सकाळी तिने पावा घेतलाच नव्हता. ती ओसरीवर सुपात मूग निवडत होती. घरात टीव्ही चालू होता, बालाजीची मुलगी तो बघत होती, सून चूल पेटवत होती, दाजी शेजाऱ्याशी मोटारीच्या वायरबद्दल बोलत होते. तिने चहा मागितला होता. सून चहा घेऊन आली तेव्हा ती खांबाला टेकून होती आणि सूप मांडीवर तसंच होतं, मूग सांडले नव्हते. त्या वेळी घरातलं कुणीही कान देऊन नव्हतं. दाजींनी मला हे तीन वेळा सांगितलं, दर वेळी याच क्रमाने.

नवव्या दिवशी वसमतहून एक बाई भेटायला आल्या. साठीच्या, पांढऱ्या केसांच्या, हातात पिशवी. मंगल सिस्टर, असं त्यांनी नाव सांगितलं. वसमतच्या एका खासगी दवाखान्यात त्या तीस वर्षं नर्स होत्या. आमच्यापैकी कुणी त्यांना ओळखत नव्हतं. "तुमच्या बाई आमच्या जुन्या पेशंट," त्या म्हणाल्या. दाजी म्हणाले, "न्हाई बाई, आमचं सगळं नांदेडला होतं." सिस्टर म्हणाल्या, "त्या आधी आमच्याकडेच आल्या होत्या. एकट्या. संक्रांतीचं वाण घ्यायला वसमतला आले, तेवढ्यात आले, म्हणाल्या. डॉक्टरांनी त्यांना सगळं सांगितलं होतं. मी तिथेच उभी होते." दाजींनी विचारलं, "सगळं म्हंजे?" "झडपेचं. ऑपरेशनचं." सिस्टर पुढे म्हणाल्या, "घरी कुणाला तरी घेऊन या, म्हणाले डॉक्टर. तर म्हणाल्या, घरी कळलं की मला खाटंवर बसवतील. अजून लई करायचं राहिलंय."

दाजी उठून गोठ्यात गेले. मी सिस्टरांना साल विचारलं. त्यांना नक्की आठवेना. ते डॉक्टर आता हयात नाहीत, पण त्यांचा मुलगा तोच दवाखाना चालवतो आणि जुने केसपेपर माळ्यावर बांधून ठेवलेले आहेत, असं त्यांनी सांगितलं.

पुढच्या सोमवारी मी वसमतला गेलो. मंगल सिस्टर बरोबर होत्या. गठ्ठे सालवार लावलेले होते. तिसऱ्या गठ्ठ्यात तिचा केसपेपर मिळाला. त्यावर पूर्ण नाव, गाव हट्टा, वय एकोणचाळीस. खाली डॉक्टरांच्या अक्षरात चार ओळी आहेत. हृदयाच्या झडपेचा आजार. रुग्णास पूर्ण कल्पना दिली. शस्त्रक्रियेसाठी हैदराबादला जाण्याचा सल्ला दिला. रुग्णाचा नकार. त्याखाली निळ्या शाईत, एकेक अक्षर सुटं काढून केलेली 'सुभद्रा' अशी सही आहे. दाजींनी आणि बालाजीने ती नंतर पाहिली आणि तिचीच असल्याचं सांगितलं. सहीखालची तारीख जानेवारी १९९७ मधली आहे, आम्ही तिला नांदेडला नेलं त्याच्या तेरा महिने आधीची.